विश्लेषण : तुरुंग झालेले न्यूयॉर्क, ६० लाख डॉलर आणि एक डोळा झाकलेला नायक… ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ आजही का आवडतो?

अमेरिकेच्या अध्यक्षांचे विमान कोसळते आणि ते नेमके अशा शहरात पडते, ज्याचा सरकारनेच तुरुंग करून टाकला आहे. त्यांना बाहेर काढायला पाठवले जाते ते एका कैद्यालाच. ऐकायला हे सारे अतिरंजित वाटते आणि ते तसे आहेही. तरीही १० जुलै १९८१ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला जॉन कारपेंटर यांचा ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ साडेचार दशकांनंतरही पाहिला जातो. ‘तसा काही महान वगैरे नाही, पण आवडतो बुवा’, अशी पुस्ती जोडूनच त्याचे नाव घेतले जाते. ही पुस्ती जोडावीशी का वाटते आणि स्वस्तातल्या या सुटकेच्या गोष्टीत असे काय आहे, याचा हा आढावा.

‘गिल्टी प्लेझर’ म्हणजे नेमके काय?

आवडते, पण आवडते असे चारचौघांत कबूल करायला संकोच वाटतो, अशा गोष्टीला इंग्रजीत ‘गिल्टी प्लेझर’ म्हणतात. मराठीत ताकाला जाऊन भांडे लपवणे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. चित्रपटांच्या बाबतीत हा शिक्का बहुधा ठरावीक प्रकारांवरच बसतो. भयपट, मारधाडपट आणि कमी खर्चातले विज्ञानपट हे त्याचे नेहमीचे मानकरी. ऐतिहासिक किंवा कौटुंबिक चित्रपट कंटाळवाणा असला तरी तो आवडल्याची लाज कोणी बाळगत नाही. अंधाऱ्या गल्लीत पळणारा, डोळ्यावर पट्टी बांधलेला नायक आवडला, की मात्र खुलासा द्यावा लागतो.

या संकोचामागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे स्वस्तपणाची लाज. सेट पुठ्ठ्याचे वाटतात, अभिनय भडक असतो, विज्ञान तर नावालाच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपण ज्याची मजा घेतो आहोत, त्यात कोणावर तरी अन्याय तर होत नाही ना, ही ती शंका. ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’मध्ये दोन्हींना जागा आहे. त्यातली कोणती टोचणी खरी आणि कोणती उगाचची, हे ठरवण्यासाठी तो कसा बनला हे पाहावे लागते.

चित्रपटाची गोष्ट काय?

चित्रपटातील काळ १९९७ चा, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांसाठी १६ वर्षे पुढचा. १९८८ मध्ये अमेरिकेतील गुन्हेगारी ४०० टक्क्यांनी वाढते आणि सरकार अख्खे मॅनहॅटन बेट तुरुंग म्हणून जाहीर करते. बेटाच्या भोवताली पलीकडच्या किनाऱ्यांवर ५० फुटी भिंत, पुलांवर सुरुंग. आत पहारेकरी नाहीत, कोठड्या नाहीत. एकदा आत गेलेला माणूस बाहेर येत नाही, एवढाच नियम.

अध्यक्ष (डोनाल्ड प्लेझन्स) एका शिखर परिषदेला निघालेले असताना त्यांच्या विमानाचे अपहरण होते. ते बचाव-कुपीतून मॅनहॅटनमध्ये उतरतात आणि तिथल्या टोळीप्रमुख ‘ड्यूक’च्या (आयझॅक हेज) हाती लागतात. त्यांच्याजवळ जगातील युद्ध थांबवू शकेल अशी माहिती असलेली एक कॅसेट आहे. पोलीसप्रमुख हॉक (ली व्हॅन क्लीफ) हे काम स्नेक प्लिस्केनवर (कर्ट रसेल) सोपवतो. एके काळचा शूर सैनिक असलेला प्लिस्केन आता दरोड्यासाठी पकडला गेलेला कैदी आहे. मोबदला : सर्व गुन्हे माफ. मुदत : पुरता एक दिवसही नाही. तो पळून जाऊ नये म्हणून त्याच्या मानेत दोन सूक्ष्म स्फोटके टोचली जातात. वेळेत परतला तर ती निकामी केली जातील, नाही तर रक्तवाहिन्या फुटतील.

पुढचा जवळपास सारा चित्रपट म्हणजे एक रात्र, एक शहर आणि मनगटावर उलटे मोजणारे घड्याळ. ९९ मिनिटांत सगळे आटोपते.

ही कल्पना आली कुठून?

कारपेंटर यांनी ही पटकथा १९७०च्या दशकाच्या मध्यात, वॉटरगेट प्रकरणाची धग ताजी असताना लिहिली. ऑगस्ट १९७४ मध्ये रिचर्ड निक्सन यांना अध्यक्षपद सोडावे लागले होते. सत्तेच्या सर्वोच्च खुर्चीवरचा माणूस खोटे बोलतो, हे लोकांनी नुकतेच पाहिले होते. चित्रपटातला अध्यक्ष भेकड आणि आत्ममग्न आहे, तो त्यामुळेच.

दुसरा संदर्भ खुद्द न्यूयॉर्कचा. १९७५ मध्ये हे शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. जुलै १९७७ मध्ये वीज गेली आणि एका रात्रीत शेकडो दुकाने लुटली, जाळली गेली. मध्यमवर्ग उपनगरांकडे निघून जात होता. ‘हे शहर आता हाताबाहेर गेले’ अशी भावना अमेरिकाभर होती. या भावनेला चित्रपटाने एक टोकाचा प्रश्न विचारला : हाताबाहेर गेलेच आहे, तर भिंत घालून मोकळे का होऊ नये?

प्रत्यक्षात १९९७ उजाडले तेव्हा चित्र उलटे होते. १९९० मध्ये २,२०० हून अधिक खून झालेल्या न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली ही संख्या ८०० च्या खाली आली होती. भाकीत म्हणून चित्रपट पूर्ण फसला. पण तो उद्याचे भाकीत कमी आणि १९७०च्या दशकातील भीतीची नोंद अधिक आहे, असे पाहिले तर तो फसत नाही.

६० लाख डॉलरमध्ये उद्ध्वस्त महानगर कसे उभे राहिले?

चित्रपटाचा खर्च सुमारे ६० लाख डॉलर. त्याच उन्हाळ्यात आलेल्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’चा खर्च साधारण २ कोटी डॉलरच्या घरात होता, यावरून फरक लक्षात यावा. एवढ्या पैशांत न्यूयॉर्कचे रस्ते बंद करून त्यात कचरा पसरणे शक्यच नव्हते. म्हणून चित्रीकरणासाठी निवडले गेले मिसिसिपी नदीकाठचे सेंट लुईस. तिथे १९७६ मध्ये मोठी आग लागून गेली होती, जुन्या विटांच्या इमारती ओसाड पडल्या होत्या. म्हणजे अवशेष बांधावे लागले नाहीत, तयारच मिळाले. रात्रीच्या चित्रीकरणासाठी काही भागांतील दिवेही घालवले गेले. भंगारात निघालेल्या विमानाचे तुकडे रस्त्यावर ठेवून अध्यक्षांच्या विमानाचा अपघात उभा केला गेला.

शेवटच्या पाठलागातला पूलही न्यूयॉर्कचा नाही. तो आहे सेंट लुईसजवळचा, वापरातून गेलेला ‘ओल्ड चेन ऑफ रॉक्स ब्रिज’. अपघात झालाच तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सोडवण्यासाठी निर्मात्यांनी तो एका डॉलरला विकत घेतला आणि काम संपल्यावर तेवढ्यालाच परत केला, असे सांगितले जाते.

सर्वात गमतीशीर क्लृप्ती संगणकाची. प्लिस्केन ग्लायडरमधून वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या गच्चीकडे झेपावतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर हिरव्या रेषांनी काढलेले शहर सरकत जाते. प्रेक्षकांना ते अत्याधुनिक संगणक-चित्रण वाटले. तसे चित्रण तेव्हा परवडणारे नव्हते. मग इमारतींच्या छोट्या प्रतिकृती काळ्या रंगवल्या, त्यांच्या कडांवर चमकणारी पट्टी चिकटवली आणि त्यातून कॅमेरा फिरवला. संगणकाचे काम चिकटपट्टीने केले. विशेष दृश्यांसाठी पार्श्वभूमीची चित्रे रंगवणाऱ्या चमूत तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला एक तरुण होता, जेम्स कॅमेरॉन. पुढे ‘टर्मिनेटर’, ‘टायटॅनिक’ आणि ‘अवतार’ करणारा हाच तो.

छायाचित्रणकार डीन कंडी यांनी अंधार लपवला नाही, वापरला. रस्त्यात एखादी शेकोटी, खिडकीतून आलेली उजेडाची तिरीप, बाकी सगळे काळे. जे दिसत नाही ते बांधावे लागत नाही आणि प्रेक्षक ते मनात स्वतःच बांधतो. संगीताचेही तसेच. मोठा वाद्यवृंद न बोलावता कारपेंटर यांनी ॲलन हॉवर्थ यांच्या साथीने सिंथेसायझरवर ते स्वतः केले. संथ, एकसुरी, पाठलाग सुरू आहे असे सतत सुचवणारे हे संगीत आजही वेगळे ऐकले जाते.

सुटकेची गोष्ट कमी खर्चात का जमते?

विज्ञानपट म्हटले की ग्रह, याने, परकी संस्कृती, म्हणजे पैसा. सुटकेच्या गोष्टीला मात्र एक बंद जागा, एक मुदत आणि बाहेर पडण्याची एक वाट पुरते. जागा बंद असल्याने बाहेरचे जग दाखवावे लागत नाही. मुदत असल्याने कथेला आपोआप वेग येतो. ‘हे तंत्रज्ञान चालते कसे’ असे विचारायला पात्रांना आणि प्रेक्षकांना उसंतच मिळत नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे व्हिन्सेंझो नताली यांचा १९९७ मधील कॅनडाचा ‘क्यूब’. सापळ्यांनी भरलेल्या असंख्य चौकोनी खोल्यांच्या चक्रव्यूहात काही अनोळखी माणसे अडकतात, एवढीच त्याची गोष्ट. प्रत्यक्षात मुख्य सेट होता १४ फुटी एकाच खोलीचा. भिंतींचे रंग बदलले की प्रेक्षकासाठी खोली बदलत असे. हातात काही नसलेली माणसे अक्कल लढवून बाहेर पडू पाहतात आणि हातात काही नसलेला दिग्दर्शक अक्कल लढवून चित्रपट पूर्ण करतो. पडद्यावरची आणि पडद्यामागची धडपड अशी एकच होते. कमी खर्चातला सुटकेचा चित्रपट लळा लावतो, त्यामागे हे मोठे कारण आहे.

प्लिस्केन वेगळा कसा?

कर्ट रसेल तोवर डिस्नेच्या कौटुंबिक चित्रपटांतला गोड मुलगा म्हणून ओळखला जात होता. स्टुडिओला चार्ल्स ब्रॉन्सन किंवा टॉमी ली जोन्स हवा होता. कारपेंटर रसेलवर अडून बसले. डोळ्यावरची पट्टी ही रसेलचीच कल्पना. तो कुजबुजल्यासारखे बोलतो, विनोद करत नाही, देशप्रेमाची भाषणे देत नाही. अध्यक्ष संकटात आहेत हे कळल्यावरही त्याला काही वाटत नाही. तो जातो, कारण मानेत स्फोटके आहेत.

भोवतालची पात्रेही दोन-चार रेघांत उभी राहतात. तुरुंग झालेल्या शहरात अजूनही टॅक्सी चालवणारा, जुनी गाणी ऐकणारा कॅबी (अर्नेस्ट बोर्गनाइन), तेल काढणारा बुद्धिमान पण बेभरवशाचा ‘ब्रेन’ (हॅरी डीन स्टँटन), पुढच्या बाजूला झुंबरे लावलेल्या गाडीतून फिरणारा ड्यूक. ती झुंबरे पाहून हसू येते. पण सारे काही हरवलेल्या जागी स्वतःला राजा म्हणवून घेणारा माणूस गाडीला झुंबरच लावील, हेही पटते.

मग खटकणारे काय आहे?

बरेच काही. मध्यंतरानंतर वेग मंदावतो. प्लिस्केन आणि एका अवाढव्य मल्लाची झुंज गरजेपेक्षा लांबते. स्त्री पात्रे मोजकी आणि त्यातही तोंडी लावण्यापुरती. एड्रियन बार्बो यांची मॅगी शेवटी पूर्ण चित्रपटातले सर्वात धीट कृत्य करते, पण तिच्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेले नसते.

याहून मोठा आक्षेप शहराच्या चित्रणावर आहे. तळघरांतून रात्री बाहेर येणारे भुकेले जमाव, टोळ्या आणि त्यांचा कृष्णवर्णीय म्होरक्या ही सारी दृश्ये उपनगरांत राहणाऱ्या गोऱ्या अमेरिकेच्या भीतीतून आली आहेत. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये उरलेली गरीब माणसे बहुतांशी बळी होती, राक्षस नव्हे. चित्रपटाची मजा घेताना ही टोचणी लागत असेल तर ती योग्यच आहे. मात्र त्याच चित्रपटात भिंतीबाहेरचे सरकार आतल्या टोळ्यांपेक्षा अधिक थंड आणि अधिक निर्दय दाखवले आहे, हेही विसरता येत नाही.

वर्ल्ड ट्रेड सेंटरची दृश्येही आता पूर्वीसारखी पाहता येत नाहीत. अपहृत विमान मॅनहॅटनमध्ये कोसळणे आणि नायक जुळ्या मनोऱ्यावर उतरणे, या १९८१ मधील निव्वळ साहसाच्या गोष्टी सप्टेंबर २००१ नंतर वेगळ्याच ओझ्यासह समोर येतात.

पैसा वाढल्यावर काय झाले?

पहिल्या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे अडीच कोटी डॉलर कमावले. १९९६ मध्ये कारपेंटर आणि रसेल यांनी ‘एस्केप फ्रॉम एल.ए.’ आणला. खर्च सुमारे ५ कोटी डॉलर, म्हणजे आठपटीहून अधिक. अमेरिकेतील कमाई पुन्हा अडीच कोटींच्या आसपासच. कथा जवळपास तीच होती, पण आता संगणक-चित्रण परवडत होते. परिणाम असा, की प्लिस्केन त्सुनामीच्या लाटेवर सर्फिंग करतो ते दृश्य थट्टेचा विषय झाले आणि १९८१ मधली चिकटपट्टीची कडा अजून विश्वसनीय वाटते. अंधार वापरण्याची गरज संपली, तशी प्रेक्षकाच्या कल्पनेला उरलेली जागाही संपली.

‘लॉकआउट’ प्रकरण काय होते?

या चित्रपटाची छाप अनेकांवर पडली. इटलीत तर लगेच १९८२ मध्ये ‘१९९०: द ब्राँक्स वॉरियर्स’ आणि १९८३ मध्ये ‘२०१९: आफ्टर द फॉल ऑफ न्यूयॉर्क’ असे स्वस्तातले अवतार निघाले. कादंबरीकार विल्यम गिब्सन यांनी आपल्या ‘न्यूरोमॅन्सर’वर या चित्रपटाचा प्रभाव असल्याचे म्हटले आहे. हिदेओ कोजिमा यांच्या ‘मेटल गिअर’ या जपानी व्हिडिओ गेममधील ‘सॉलिड स्नेक’ तर प्लिस्केनचा उघड वारसदार. तिथे कारपेंटर यांनी खटला भरण्याच्या फंदात न पडणेच पसंत केले.

२०१२ मधील ‘लॉकआउट’बाबत मात्र प्रकरण न्यायालयात गेले. ल्यूक बेसाँ यांच्या युरोपाकॉर्प कंपनीच्या या चित्रपटात तुरुंग शहरात नसून अंतराळात आहे आणि अडकलेली आहे अध्यक्षांची मुलगी. गाय पिअर्सचा बेफिकीर, टोमणे मारणारा नायक तिला सोडवायला जातो. हाही अनेकांचा लाडका ‘गिल्टी प्लेझर’. पॅरिसच्या न्यायालयाने २०१५ मध्ये तो ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ची नक्कल असल्याचा निर्वाळा देत एकूण ८० हजार युरोंची भरपाई ठोठावली. ती कारपेंटर, सहलेखक निक कॅसल आणि हक्क असलेली स्टुडिओकनाल कंपनी यांच्यात वाटली जायची होती. २०१६ मध्ये अपिलात ही रक्कम साडेचार लाख युरोंवर गेली.

निकालातला मुद्दा लक्षणीय होता. बंडखोर नायक, ओलीस, तुरुंग हे घटक कोणाच्याही मालकीचे नाहीत. पण शिक्षा झालेला एकेकाळचा वीर, सुटकेच्या बदल्यात अध्यक्षांची किंवा त्यांच्या मुलीची मुक्तता, चोरवाटेने आत प्रवेश, तिथे भेटून मरणारा जुना साथीदार आणि शेवटी नायकाने गुपिते स्वतःकडेच ठेवणे, हे सगळे त्याच क्रमाने जुळून आले तर ती निव्वळ प्रेरणा राहत नाही. ज्याला ‘फुटकळ करमणूक’ म्हणून बाजूला सारले जाते, त्याचीही स्वतंत्र रचना असते आणि ती चोरली जाऊ शकते, हे यातून न्यायालयाने मान्य केले.

मग लाज वाटावी का?

उत्तर चित्रपटाच्या शेवटात आहे (ज्यांना तो आधी पाहायचा आहे, त्यांनी हा परिच्छेद नंतर वाचावा). अध्यक्ष सुटतात. जगापुढे भाषण करण्यासाठी त्यांची दाढी केली जात असते. प्लिस्केन त्यांना एवढेच विचारतो, की तुम्हाला बाहेर काढताना जी माणसे मेली त्यांच्याविषयी तुम्हाला काय वाटते? अध्यक्ष देश त्यांचा ऋणी असल्याचे काहीतरी पुटपुटतात. त्यांचे लक्ष भाषणाच्या वेळेकडे असते. प्लिस्केन निघून जातो. थोड्या वेळाने अध्यक्ष मोठ्या ऐटीत कॅसेट लावतात, तर तिच्यातून कॅबीचे नाचगाणे वाजू लागते. मेलेला टॅक्सीवाला अशा रीतीने साऱ्या जगाला ऐकू येतो. आणि लंगडत चाललेला प्लिस्केन खऱ्या कॅसेटची फीत बोटांनी उलगडून फेकत जातो.

या प्रसंगाला लागले काय, तर एक खोली, दोन नट आणि एक कॅसेट. ज्यांनी जीव दिला त्यांची सत्तेला आठवण असते का, हा त्यातला प्रश्न मात्र स्वस्त नाही. शहरातल्या गरिबांना राक्षस ठरवणारी दृश्ये पाहताना वाटणारा संकोच जपून ठेवावा. पण पुठ्ठा, चिकटपट्टी आणि एका डॉलरचा पूल यांच्या आधारे हा प्रश्न विचारणारा चित्रपट आवडला, तर भांडे लपवण्याचे कारण नाही.